दिनदर्शिकेतले आगंतुक

हल्ली पुष्कळांच्या तोंडी एक तक्रार ऐकू येते. फोन खिशात किंवा उशाशी असतो. अचानक तो वाजतो आणि पडद्यावर अक्षरे उमटतात : ‘तुमच्या फोनला विषाणूची बाधा झाली आहे, ताबडतोब येथे दाबा.’ कधी विषाणूच्या जागी बक्षीस असते, कधी फुकट मिळणारा नवा फोन असतो. थोड्या वेळाने पुन्हा तेच. उघडून पाहावे, तर ही सूचना कुठल्या पत्रातून आलेली नसते की संदेशातून. ती असते फोनमधल्या कॅलेंडरमध्ये. म्हणजे ज्या दिनदर्शिकेत आपण नातवाची मुंज, विम्याचा हप्ता आणि दंतवैद्याची वेळ टिपून ठेवतो, तिच्यात! आणि तेही आजच्याच तारखेला नव्हे, तर पुढच्या कित्येक दिवसांच्या चौकटींत तीच ओळ कोणीतरी लिहून ठेवलेली असते.

‘हे मी तर लिहिलेलं नाही, मग लिहिलं कोणी?’ हा पहिला प्रश्न. ‘म्हणजे माझ्या फोनमध्ये चोर शिरला की काय?’ हा दुसरा. या दोन प्रश्नांची उत्तरे नीट समजली, की उपाय मुळीच अवघड नाही. न समजता जो तो सुचेल ते करू लागला, की मात्र रोग राहतो तसाच आणि रोगी दमतो.

आधी या प्रकाराने माणूस एवढा का बिचकतो, ते पाहू. भिंतीवरचे कॅलेंडर ही आपल्या घरातली कारकुनी वही आहे. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी ‘कालनिर्णय’ सुरू केले, तेव्हापासून तर तिथी, सणवार आणि दुधाचे खाडे एकाच खिळ्यावर गुण्यागोविंदाने लटकू लागले. गॅसचे सिलिंडर कधी लावले, इस्त्रीला कपडे किती दिले, हे सारे त्या चौकटीत बारीक अक्षरात लिहिलेले असते. ते अक्षर आईचे असेल, सुनेचे असेल. पण लिहिणारा हात घरातलाच, याविषयी कोणाला शंका नसते. दारात कोणी परका येऊन बोलला, तर आपण त्याला चार प्रश्न विचारतो. घरातल्या कॅलेंडरावर लिहिलेल्या ओळीला कोण प्रश्न विचारणार? तीच सवय आपण फोनमध्ये घेऊन आलो. अनोळखी क्रमांकावरून आलेल्या संदेशाकडे आता आपण संशयाने पाहतो. पण कॅलेंडर बोलले की वाटते, हे आपलेच आपल्याला सांगणे आहे. ठकांनी नेमकी ही जागा हेरली.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. परक्या माणसाला आपल्या कॅलेंडरात लिहिता तरी कसे येते? उत्तर असे, की ती सोय मुद्दाम केलेली आहे, आणि ती चांगल्या हेतूने केलेली आहे. एका कचेरीतल्या माणसाचे कॅलेंडर एका कंपनीचे, दुसऱ्याचे दुसऱ्या कंपनीचे. दोघांची बैठक ठरवायची, तर एकाची नोंद दुसऱ्याला वाचता येईना. म्हणून नोव्हेंबर १९९८ मध्ये ‘आयकॅलेंडर’ नावाचा एक सामाईक नमुना प्रसिद्ध झाला. तो लिहिणाऱ्या दोघांपैकी फ्रँक डॉसन हे लोटस कंपनीतले आणि डेरिक स्टेनरसन हे मायक्रोसॉफ्टमधले. धंद्यात एकमेकांचे प्रतिस्पर्धी. पण तारीख कशी लिहावी, यावर दोघांचे एकमत झाले. सप्टेंबर २००९ मध्ये त्या नमुन्याची सुधारलेली आवृत्ती निघाली आणि आज फोनमधली बहुतेक सारी कॅलेंडरे तीच भाषा बोलतात.

ही भाषा समजायला अगदी सोपी आहे. छापील अर्जासारखा तो साधा मजकूर असतो. कार्यक्रमाचे नाव, सुरू होण्याची वेळ, संपण्याची वेळ, ठिकाण, तपशील, असे एकामागून एक रकाने. ‘हे रोज पुन्हा घडेल’ असे एका ओळीत सांगण्याची सोय आहे आणि ‘आधी इतकी मिनिटे घंटा वाजव’ असे सांगण्याचीही आहे. दर आठवड्याच्या तासिकेची नोंद वर्षभरासाठी एकदाच करता यावी, म्हणून ही व्यवस्था. पण रकाना कोणी भरला, सज्जनाने की ठकाने, हे त्या अर्जाला कळत नाही. सज्जन तिथे ‘पालकसभा’ लिहितो. ठक तिथे ‘फोन धोक्यात’ लिहितो आणि तपशिलाच्या रकान्यात आपली लिंक घालून ठेवतो. वाजतात दोन्ही सारख्याच खणखणीतपणे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर यातच आले. नुसती अशी सूचना उमटली म्हणजे फोनमध्ये विषाणू शिरला, असे होत नाही. रात्रीतून कोणी आपल्या फाटकावर ‘हे घर कोसळणार आहे’ असा कागद चिकटवून गेला, म्हणून घराची भिंत खचत नाही. धोका आहे तो त्या कागदावरच्या पत्त्यावर धावत जाण्यात. लिंक दाबली, की पुढे कोणी तरी ‘फोन साफ करणारे’ ॲप घ्यायला सांगतो, कार्डाचा क्रमांक मागतो, नाहीतर ओटीपी विचारतो. खरी चोरी तिथे होते, आणि तीही आपण कडी काढून दिल्यावर.

या आगंतुकांना आत येण्याची दोन दारे आहेत. एक वर्गणीचे, दुसरे आमंत्रणाचे. दोन्हींच्या कड्या वेगळ्या आहेत आणि लोकांची सारी फजिती होते ती एका दाराची कडी दुसऱ्या दाराला लावू पाहण्यात.

वर्गणीचे दार विशेषतः आयफोनवर उघडे सापडते. इंटरनेटवर एखादे गाणे, एखादा सामना किंवा सिनेमा शोधताना मध्येच एक पान उघडते. ‘आपण यंत्र नाही हे सिद्ध करण्यासाठी ओके दाबा,’ असे काहीतरी तिथे म्हटलेले असते. त्याच क्षणी फोन स्वतः एक चौकट दाखवून विचारत असतो, की अमुक कॅलेंडरची वर्गणी घ्यायची का? ‘सबस्क्राइब’ हा शब्द त्यात स्पष्ट असतो. पण आपल्याला घाई गाण्याची. चौकट न वाचता आपण होकार देतो आणि वर्गणीदार होतो. पैसे जात नाहीत, म्हणून लक्षातही राहत नाही. पुढे ते कॅलेंडर आपल्या जागी बसून ठक भरत राहतो आणि आपला फोन इमानेइतबारे ठरावीक वेळाने ताजा अंक घेऊन येतो.

मासिकाची वर्गणी चालू असताना नुसता हातातला अंक रद्दीत टाकला, तर पुढचा अंक यायचा थांबतो का? नाही ना? तसेच इथे आहे. एकेक नोंद पुसण्याच्या खटपटीत पडू नये. वर्गणीच बंद करावी. आयफोनवर कॅलेंडर उघडून त्या नको असलेल्या नोंदीवर बोट ठेवावे. नोंद उघडली, की पडद्याच्या तळाशी ‘अनसबस्क्राइब’ असे शब्द दिसतात. ते दाबावेत, फोन पुन्हा विचारील तेव्हा पुन्हा तेच दाबावे. एवढ्याने त्या कॅलेंडरच्या साऱ्या नोंदी, मागच्या आणि पुढच्या, एकदम जातात. नोंदीच्या आतली निळी लिंक मात्र दाबायची नाही. ती ठकाची आहे; तळाचे बटण फोनचे आहे. हा फरक पक्का ध्यानात धरावा.

तळाशी ते बटण दिसले नाही, तर कॅलेंडरच्या मुख्य पडद्यावर ‘कॅलेंडर्स’ असे लिहिलेले असते ते उघडावे. आपल्या फोनमध्ये किती कॅलेंडरे नांदत आहेत, त्याची यादीच समोर येते. घरचे, कामाचे, सुट्ट्यांचे, वाढदिवसांचे, अशी ओळखीची नावे सोडून एखादे विचित्र नाव दिसले, की त्याच्या शेजारचे गोलातले माहितीचे चिन्ह दाबावे, खाली जावे आणि ‘डिलीट कॅलेंडर’ करावे. तेही जमले नाही, तर ‘सेटिंग्ज’मधून ‘कॅलेंडर’ आणि त्यातून ‘अकाउंट्स’ गाठावे. तिथे वर्गणीची कॅलेंडरे वेगळी दाखवलेली असतात, ती काढून टाकावीत. नव्या आवृत्त्यांत ‘सेटिंग्ज’मध्ये आधी ‘ॲप्स’ उघडावे लागते, इतकाच फेर.

आता दुसरे दार, आमंत्रणाचे. इथे आपण कुठेही होकार दिलेला नसतो. आपला ई-मेलचा पत्ता कोणाच्या तरी यादीत गेलेला असतो, एवढेच पुरते. ठक त्या पत्त्यावर कार्यक्रमाचे आमंत्रण पाठवतो. आपले कॅलेंडर विनयशील. आलेले आमंत्रण ते आपल्या उत्तराची वाट न पाहता चौकटीत मांडून ठेवते, म्हणजे आपण विसरू नये. कचेरीतल्या माणसाला हे उपकारक, आणि जाहिरातवाल्याला ही पर्वणी. नोव्हेंबर २०१६ मध्ये आयफोनधारकांच्या कॅलेंडरांत नावाजलेल्या गॉगलांच्या स्वस्ताईची आमंत्रणे धडाधड येऊन पडली. ॲपलने दिलगिरी व्यक्त केली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात अशी आमंत्रणे ‘जंक’, म्हणजे कचरा, म्हणून कळवण्याची सोय केली. गूगलच्या कॅलेंडरची पाळी पुढे आली. जून २०१९ मध्ये कॅस्परस्की या संगणक-सुरक्षेच्या कंपनीने त्यातून चाललेल्या फसवणुकीकडे लक्ष वेधले. सप्टेंबरात गूगलने हा उपद्रव मान्य केला, आणि जुलै २०२२ मध्ये ओळखीच्या माणसाचेच आमंत्रण आपोआप मांडावे, असा पर्याय आपल्या कॅलेंडरात आणला.

कॅलेंडरच का? तर ई-मेलच्या दाराशी आता चांगला पहारा बसला आहे. त्या पहाऱ्याला कारणेही जुनी आहेत. ३ मे १९७८ रोजी गॅरी थर्क नावाच्या एका विक्री-अधिकाऱ्याने आपल्या कंपनीच्या संगणकांची जाहिरात एकाच वेळी सुमारे ४०० जणांना धाडून दिली. नको असलेल्या ई-मेलच्या जाहिरातींचा इतिहास तिथून सांगतात. छापील पत्रकाला कागद लागतो, तिकीट लागते, वाटणारा पोऱ्या लागतो. इथे हजार पत्रके आणि दहा लाख पत्रके यांच्या खर्चात नाव घेण्याजोगा फरक नाही. त्यामुळे लाखात एक जण फसला, तरी ठकाचे भागते. पुढे ई-मेल सेवांनी चाळण्या बसवल्या आणि असली पत्रे वेगळ्या कप्प्यात जाऊ लागली. मग हे लोक पहारा ढिला असलेली जागा शोधणार, हे ओघानेच आले. ‘येथे जाहिराती लावू नयेत’ ही पाटी समोरच्या भिंतीवर रंगवली, की चिकटवणारा मागच्या गल्लीत जातो, त्यातलाच हा प्रकार.

आमंत्रणाच्या बाबतीत सभ्य माणसाकडून हमखास एक गोष्ट घडते. खाली तीन बटणे असतात : येतो, कदाचित येईन, येत नाही. आपण म्हणतो, स्पष्ट ‘नाही’ म्हणून टाकू, म्हणजे ब्याद टळेल. पण हे ‘नाही’ कुठे जाते? ज्याने बोलावले त्याच्याकडे. नमुन्यातच तशी तरतूद आहे. लग्नाला येणार नाही हे यजमानाला कळावे, म्हणून. ठकाला आपण येतो की नाही, याच्याशी कर्तव्य नसते. पत्त्यावर माणूस आहे की ओसाड घर आहे, एवढेच त्याला हवे असते, आणि आपल्या नकाराने ते त्याला बिनबोभाट कळते. तेव्हा ‘येतो’ही नाही आणि ‘येत नाही’ही नाही. उत्तरच द्यायचे नाही.

मग करायचे काय? आयफोनवर अनोळखी माणसाच्या आमंत्रणाखाली ‘रिपोर्ट जंक’ असे दिसते, ते दाबावे. गूगल कॅलेंडर असेल, तर ते संगणकावर उघडून त्या नोंदीच्या ‘अधिक’ पर्यायांतून ‘रिपोर्ट ॲज स्पॅम’ निवडावे. ही झाली आलेल्याची पाठवणी. पुढे कोणी येऊ नये म्हणून गूगल कॅलेंडरच्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘जनरल’ उघडावे. तिथे आमंत्रणे आपोआप जोडण्याविषयी एक ओळ आहे. तिच्यात तीन पर्याय असतात : कोणाचेही आमंत्रण जोडावे, पाठवणारा ओळखीचा असेल तरच जोडावे, किंवा मी ई-मेलमधून उत्तर दिल्यावरच जोडावे. यातला मधला पर्याय बहुतेकांना पुरेसा आहे. ज्यांना फार उपद्रव होतो, त्यांनी तिसरा घ्यावा. अँड्रॉइड फोन वापरणाऱ्यांना बहुधा याच दाराचा त्रास होतो, तेव्हा त्यांनी तर हे आजच पाहावे.

यात एक पथ्य सांभाळले पाहिजे. कडी लावली, की परका सज्जनही बाहेरच थांबतो. एखाद्या नव्या कंपनीने मुलाला मुलाखतीला बोलावले, किंवा नव्या दवाखान्याने वेळ कळवली, तर ती आता परस्पर कॅलेंडरात दिसणार नाही. तिचे पत्र ई-मेलमध्ये पडून राहील. म्हणून कडी लावणाऱ्याने टपालपेटी मात्र रोज उघडावी.

आणखी एक तोतया आहे, त्याचीही ओळख करून देतो. कधीकधी सूचना दिसायला हुबेहूब अशीच असते, पण कॅलेंडरात पाहावे तर काहीच नाही. अशा वेळी ती बहुधा ब्राउझरमधून आलेली असते. कुठल्याशा वेबसाइटला ‘सूचना पाठवू का?’ या प्रश्नावर आपण ‘अलाऊ’ म्हटलेले असते. अँड्रॉइड फोनवर सूचनेवर बोट थोडा वेळ दाबून धरले, की ती कोणत्या ॲपने धाडली ते कळते. ब्राउझरचे नाव आले, तर त्याच्या सेटिंग्जमध्ये जाऊन त्या वेबसाइटची परवानगी काढून घ्यावी. कोण बोलतो आहे हे आधी ओळखावे आणि मग त्याचे तोंड बंद करावे, हा क्रम दोन्हीकडे सारखाच.

आता कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? सरळ कॅलेंडरचा आवाजच बंद करावा! आमच्या परिचयातल्या एका निवृत्त गृहस्थांनी हेच केले. भोंगा थांबला, रात्रीची झोपही लागू लागली. पण त्यांच्या पत्नीचे मोतीबिंदूचे शस्त्रक्रियेनंतरचे डोळे दाखवायची तारीख त्याच कॅलेंडरात होती. तीही मुकाट्याने आली आणि मुकाट्याने गेली. चार दिवसांनी चष्म्याची गोष्ट निघाली, तेव्हा दोघांच्या ध्यानात आले. नशिबाने डोळ्याला काही झाले नाही; पण दर वेळी नशीब बरोबर असेलच, असे नाही. या उपद्रवाचे खरे नुकसान मला इथे दिसते. ज्याचे पैसे गेले त्याचे नुकसान मोठे आहेच. पण ज्याचे पैसे गेले नाहीत, त्याचाही स्वतःच्या दिनदर्शिकेवरचा विश्वास जातो. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो, मधुमेहाच्या माणसाला तपासणीची तारीख असते, कोर्टकज्जात अडकलेल्याला पुढची तारीख असते. खोट्या दहा घंटांमध्ये खरी अकरावी ऐकू येईनाशी होते. म्हणून आवाज बंद करू नये. आवाज करणारा बाहेर काढावा.

आणि समजा, कोणी घाबरून लिंक दाबलीच आणि पुढे कार्डाचा क्रमांक किंवा ओटीपी देऊन बसला, तर? लाज वाटून घेत बसण्याची ती वेळ नव्हे. प्रथम बँकेला कळवून कार्ड बंद करावे. पैसे गेले असतील, तर १९३० या राष्ट्रीय मदत-क्रमांकावर लगेच सांगावे. केंद्र सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या वेबसाइटवरही तक्रार नोंदवता येते. जितके लवकर कळवावे, तितकी पैसे वाटेतच अडवण्याची शक्यता अधिक. त्या लिंकवरून एखादे ॲप घेतले असेल, तर ते काढून टाकावे. नुसती सूचना दिसली आणि काही दाबले नाही, अशा माणसाने मात्र दुकान गाठून ‘फोन धुऊन द्या’ म्हणण्याचे कारण नाही. फोन धुतला, की त्याबरोबर नातवंडांचे फोटोही वाहून जाण्याची भीती.

श्रोतेहो, हे सारे घरातल्या तरुण मंडळींना दोन मिनिटांत जमते, आणि नेमकी तिथेच गफलत होते. आजोबांच्या हातातून फोन घेतात, चटचट काहीतरी दाबतात आणि ‘झालं, घ्या’ म्हणून परत देतात. पुढच्या खेपेला आजोबा पुन्हा तितकेच परावलंबी. त्यापेक्षा शेजारी बसावे आणि फोन त्यांच्याच हातात राहू द्यावा. कॅलेंडरांची यादी त्यांनीच उघडावी. प्रत्येक नावापाशी थांबून ‘हे कोणाचं?’ असे त्यांनीच विचारावे आणि ज्याला घरात कोणी ओळखत नाही, ते त्यांनीच आपल्या बोटाने काढावे. महिन्यातून एकदा, पाणीपट्टी किंवा विजेचे बिल भरायच्या दिवशी, ही यादी डोळ्यांखालून घातली तरी पुरे. पाच मिनिटांचे काम आहे, आणि ते कॅलेंडरातच टिपून ठेवायला हरकत नाही.